दिसणारा भुसा आणि न दिसणारी धूळ

वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्याला 'विश्वकर्मा' लेणे म्हणतात. 'सुताराची झोपडी' हे त्याचे दुसरे नाव. चैत्यगृहात उभे राहून वर पाहिले की नावाचे कारण कळते. छताला ओळीने कमानदार फासळ्या कोरल्या आहेत. त्या लाकडी वाशांची हुबेहूब नक्कल आहेत, पण आहेत दगडाच्या. ज्या लाकूडकामाची ही नक्कल, ते करणाऱ्यांच्या हाती वाकस, पटाशी आणि करवत असे. या हत्यारांतून प्रामुख्याने ढलप्या आणि जाडसर भुसा निघतो. तो पायाशी पडतो, झाडून गोळा होतो, चुलीत किंवा बंबात जातो. छातीत जाणारा भाग अगदी थोडा.

त्याच वेरूळपासून तीसेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरमध्ये, आता घरोघरी वेगळ्या प्रकारची सुतारशाळा उभी राहते आहे. चिकलठाणा किंवा वाळूज एमआयडीसीतून निवृत्त झालेला तंत्रज्ञ, घरून काम करणारा संगणक अभियंता, हौसेने फर्निचर करणारी शिक्षिका. सिडकोतल्या रो-हाऊसची पार्किंगची जागा किंवा गच्चीवरची पत्र्याची शेड, त्यात एक टेबल सॉ, एक राऊटर, एक-दोन सँडर. छंद उत्तम आहे. निवृत्तीनंतर हात आणि डोके दोन्ही गुंतवणारे याहून चांगले काम शोधून सापडणार नाही. अडचण एवढीच, की राऊटर मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेतो आणि सँडर त्याच मिनिटात दहा हजारांच्या आसपास हेलकावे खातो. या यंत्रांतून ढलपी निघत नाही, लाकडाचे पीठ निघते.

पहिल्या महिन्यातच घर पांढरे होते, घरच्यांची बोलणी बसतात आणि मग 'सायक्लोन' या शब्दाशी गाठ पडते. बाजारात तो प्लास्टिकच्या छोट्या शंकूपासून माणसापेक्षा उंच पत्र्याच्या नरसाळ्यापर्यंत सगळ्या आकारांत मिळतो. जाहिरात म्हणते, ९९ टक्के धूळ पकडतो. घेणारा निर्धास्त होतो, आणि इथेच त्याची फसगत सुरू होते. सायक्लोन काय पकडतो आणि काय सोडतो, हे समजून न घेता तो विकत घेतला तर घर स्वच्छ दिसेल, पण फुप्फुसाला फारसा फरक पडणार नाही.

आधी फुप्फुसाकडे पाहू. हवेतून आत जाणाऱ्या कणाचे काय होणार, हे मुख्यतः त्याच्या आकारावर ठरते. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे बहुतेक कण नाकात आणि घशात अडकतात. त्याहून लहान कण श्वासनलिकेच्या फांद्यांपर्यंत जातात आणि चार-पाच मायक्रॉनच्या खालचे कण थेट वायुकोशांत उतरतात. तिथे कण बाहेर ढकलणारे केस नाहीत, चिकट द्रव नाही. लाकडाच्या पिठात हे सगळे आकार एकत्र असतात.

मोठे कण नाकात अडकतात म्हणजे सुटलो, असेही नाही. इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यात हाय विकम्ब नावाचे गाव आहे. खुर्च्या आणि फर्निचर बनवणे हा तिथला पिढीजात धंदा. १९६० च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मी हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले, की नाकाच्या वरच्या पोकळीत होणारा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग फर्निचर कामगारांत वारंवार दिसतो आहे. त्यांनी, ऑक्सफर्डचे शल्यचिकित्सक मॅकबेथ आणि साथरोगतज्ज्ञ अचेसन यांनी सहकाऱ्यांसह हा शोध पुढे नेला. १९६८ मध्ये त्यांचा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. रोगी पॉलिश करणारे नव्हते, तर लाकूड कापणारे आणि घासणारे, म्हणजे धुळीत उभे राहणारे होते. पुढे इतर देशांतही हेच आढळले. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, नोंदवली. तंबाखूही त्याच गटात आहे. मात्र गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे प्रमाण नाही. हा कर्करोग आजही दुर्मीळ आहे, तो बहुधा कित्येक दशकांच्या संपर्कानंतर होतो, आणि रविवारी दोन तास काम करणाऱ्याने त्याच्या भीतीने रंधा खाली ठेवण्याचे कारण नाही.

हौशी माणसाला जास्त गाठतात ते दमा आणि ॲलर्जी. आपल्याकडचे लाडके लाकूड म्हणजे साग आणि शिसव. दोन्हींत कीड न लागू देणारी नैसर्गिक रसायने असतात, आणि तीच काहींच्या त्वचेला व श्वासनलिकेला चालत नाहीत. हात, मान, पापण्यांवर खाज आणि चट्टे येतात. काहींना शिंका, काहींना खोकला, काहींना रीतसर दमा. या दम्याची एक खोड आहे. त्रास काम करताना होईलच असे नाही, तो बऱ्याचदा काही तासांनी, रात्री सुरू होतो. कारखान्यातील कामगाराचा व्यवसायजन्य दमा सुट्टीच्या दिवशी कमी होतो, ही डॉक्टरांना शिकवलेली खूण. हौशी सुताराचे उलटे असते. त्याचा खोकला रविवारी रात्री वाढतो आणि शुक्रवारपर्यंत बसतो. डॉक्टर विचारतात, 'काम काय करता?' उत्तर मिळते, 'बँकेत होतो, आता निवृत्त.' लाकडाचा विषयच निघत नाही आणि औषधे चालू राहतात. छंद काय, हेही डॉक्टरांना सांगावे.

आता यंत्राकडे. चैत्र-वैशाखात मराठवाड्याच्या माळावर वावटळ उठते. पाचोळा, कागद, धूळ गरगर फिरत वर जाते आणि जड वस्तू बाहेर फेकल्या जातात. सायक्लोनमध्ये हीच वावटळ पत्र्याच्या भांड्यात कोंडलेली असते. धुळीची हवा वरच्या बाजूने, भिंतीला घासून आत शिरते आणि गोल फिरू लागते. जड कण भिंतीवर आदळतात, घसरत शंकूच्या टोकाकडे येतात आणि खालच्या पिंपात पडतात. हवा मधून वर वळते आणि निघून जाते. आत कापड नाही, जाळी नाही, हलणारा भाग नाही. अमेरिकेत जॉन फिंच यांनी याचे पेटंट १८८५ मध्ये घेतले. मराठवाड्यातल्या डाळ मिल आणि जिनिंग कारखान्यांच्या छपरांवरही असे पत्र्याचे उलटे शंकू दिसतात. जेम्स डायसन यांना पिशवी नसलेल्या व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना सुचली ती लाकूड गिरणीतला सायक्लोन पाहूनच. यंत्र मनासारखे होईपर्यंत त्यांनी पाच हजारांहून अधिक नमुने केले.

थोडे गणित करू. भांड्याचा व्यास ४५० मिलिमीटर आणि आत शिरणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला १८ मीटर धरला, तर भिंतीजवळच्या कणाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीडशे पट जोराने बाहेर फेकले जाते. मोठ्या कणाला हे पुरेसे असते. पण कण लहान होत जातो तशी मेख दिसू लागते. व्यास दहाव्या हिश्श्यावर आला की वजन हजाराव्या हिश्श्यावर येते, हवेची पकड मात्र तेवढी कमी होत नाही. एक-दोन मायक्रॉनच्या कणाला भिंतीकडे जाण्याइतके वजनच उरत नाही. तो हवेबरोबर वळतो आणि हवेबरोबर निघून जातो. नेमका हाच कण वायुकोशात उतरणारा.

मग ते ९९ टक्के? ते बहुतेक वेळा वजनाने असतात. शंभर मायक्रॉनचा एक कण आणि एक मायक्रॉनचे दहा लाख कण यांचे वजन सारखे. टेबल सॉच्या भुशाचे पिंप भरले आणि वजनाने एकच टक्का निसटला, तर तो एक टक्का बहुतांशी बारीक पिठाचाच असणार. विक्रेता खोटे बोलत नाही. तो फक्त भुशाबद्दल बोलतो आणि घेणारा धुळीबद्दल ऐकतो.

म्हणून सायक्लोन टाकाऊ ठरत नाही. त्याचे काम फक्त वेगळे आहे. सायक्लोन नसेल तर सगळा भुसा गाळणीवर जातो, गाळणी अर्ध्या तासात बुजते, हवेचा ओघ मंदावतो आणि यंत्रापाशी धूळ ओढली जात नाही. सायक्लोन गाळणीला वाचवतो. नाकाला वाचवतात ती दुसरी दोन कामे: धूळ उडते त्या जागी पुरेशी हवा ओढणे, आणि सायक्लोनमधून निघालेल्या शेवटच्या हवेची नीट वाट लावणे. खरेदीला जाण्यापूर्वी या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. शंकूचा रंग आणि आकार त्यानंतर.

पहिला प्रश्न ओघाचा. घरचे किंवा दुकानातले व्हॅक्यूम क्लीनर खूप जोराने ओढते, पण हवा थोडी ओढते. डस्ट कलेक्टरचा पंखा उलट, जोर कमी आणि हवा भरपूर. हातातल्या सँडरला किंवा राऊटरला, जिथे धूळ यंत्राच्या छोट्या तोंडातूनच बाहेर येते, तिथे व्हॅक्यूम क्लीनर आणि त्याच्या आधी बादलीवर बसवलेला छोटा प्लास्टिकचा सायक्लोन ही जोडी चांगली चालते. काही हजार रुपयांत काम होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने याच्या पुढे जाऊही नये. पण तीच जोडी टेबल सॉला किंवा प्लेनरला लावली तर ती फक्त भुसा गोळा करते. पात्याच्या वरून उडणारे पीठ तिच्या आवाक्याबाहेर राहते.

मोठ्या यंत्राला मोठा पाइप लागतो. भुसा पाइपमध्ये साचू नये म्हणून हवा सेकंदाला साधारण २० मीटर वेगाने वाहावी लागते. या वेगाने ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपमधून, म्हणजे ज्याला आपण चार इंची म्हणतो त्यातून, तासाला सुमारे ६०० घनमीटर हवा जाते. १६० मिलिमीटरच्या पाइपमधून सुमारे १३००. दुपटीहून जास्त. पाइपमधला फरक काहीशे रुपयांचा आणि परिणाम एवढा. तरीही घरगुती सुतारशाळांत चार इंचीच दिसतो, कारण यंत्राचे तोंड चार इंची असते आणि दुकानात तोच जोड लगेच मिळतो. यंत्राचे तोंड मोठे करून घ्यावे. खोक्यावर छापलेला ओघाचा आकडा पाइप न जोडता, कोऱ्या गाळणीवर मोजलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे. दहा-बारा फूट पाइप, तीन कोपरे आणि वळ्यावळ्यांची लवचिक नळी लागली की तो बराच खाली येतो. नळी जितकी आखूड आणि पाइप जितका सरळ, तितके चांगले. सायक्लोन स्वतःही हवेचा दाब खातो, त्यामुळे पिशवीच्या डस्ट कलेक्टरवरचा लहान पंखा काढून सायक्लोनवर बसवला तर निराशाच पदरी पडते. १६० मिलिमीटरच्या पाइपला निदान दोन अश्वशक्तीची मोटर हवी, आणखी मोठी परवडत असेल तर उत्तम. दोन अश्वशक्ती म्हणजे दीड किलोवॅट, घरातल्या सोळा ॲम्पिअरच्या सॉकेटवर चालते. टेबल सॉ मात्र वेगळ्या सर्किटवर घ्यावी.

एवढी हवा ओढूनही ती योग्य जागी ओढली नाही तर व्यर्थ. समई फुंकरीने हातभरावरून विझते, श्वास आत ओढून विझवून दाखवा. फुंकलेली हवा सरळ जाते, ओढलेली हवा चारही बाजूंनी येते. पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतके अंतर गेले तरी ओढ दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे सहा इंची पाइप पात्यापासून फूटभर लांब टांगला तर तो जवळपास शोभेचा. पाते, ब्लेड किंवा पट्टा यांना खालून आणि वरून दोन्हीकडून वेढणारे आवरण करून घ्यावे. हे काम हौशी सुताराला स्वतःलाच प्लायवूडच्या तुकड्यांत करता येते आणि खर्चाच्या मानाने यासारखी गुणकारी दुसरी गोष्ट नाही. डोक्यावर गरगरणारा पंखा काम चालू असताना बंद. तो धूळ ओढण्याआधीच पसरवतो.

दुसरा प्रश्न शेवटच्या हवेचा. इथे आपल्याकडची स्थिती युरोप-अमेरिकेपेक्षा चांगली आहे. तिकडे थंडीत घर तापवावे लागते, ऊबदार हवा बाहेर फेकणे परवडत नाही, म्हणून तीच हवा गाळून परत खोलीत सोडतात. तिकडचे सल्ले वाचून आपल्याकडचा माणूसही महागड्या गाळणीच्या शोधात निघतो. संभाजीनगरात खिडकी वर्षातले बरेच महिने उघडीच असते. रो-हाऊस किंवा गच्चीवरची शेड असेल आणि समोर कोणाची खिडकी नसेल, तर सायक्लोननंतरची हवा सरळ बाहेर सोडणे हा सर्वांत स्वस्त आणि आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत निश्चिंत मार्ग. गाळणी बुजण्याचा प्रश्नच नाही, ओघ दिवसेंदिवस कमी होत नाही. तासाला १३०० घनमीटर हवा बाहेर गेली तर बारा बाय बारा फुटांच्या खोलीतली हवा दर दोन मिनिटांनी बदलते. काम थांबल्यावर पंखा आणखी पंधरा मिनिटे चालू ठेवला की खोली बऱ्यापैकी धुतली जाते.

उन्हाळ्यात याचा आणखी एक फायदा आहे. डेझर्ट कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि ती बाहेर जायला वाट नसेल तर खोली दमट होते, हे मे महिन्यात प्रत्येक घराला माहीत असते. बाहेर हवा फेकणारा सायक्लोन ही वाट देतो. फक्त कूलरचा झोत करवतीवर नको, माणसाच्या पाठीमागून यावा.

बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी तेवढीच हवा आत यायला हवी, म्हणून समोरची खिडकी उघडी असावी. बंद घरात एवढा पंखा चालला तर आत ओढ तयार होते आणि शेजारच्या न्हाणीघरातल्या गॅस गीझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी आत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि त्याने जीव जातो. गीझर चालू असताना हा पंखा चालवू नये, ही घरातला पक्का नियम करावा अशी गोष्ट.

फ्लॅट असेल, शेजाऱ्याची बाल्कनी चार हातांवर असेल, तर बाहेर सोडणे हा मार्ग बंद. शेजाऱ्याच्या फुप्फुसालाही तेच नियम लागू आहेत. मग गाळणी हवी आणि ती खरी हवी. स्वस्त डस्ट कलेक्टरबरोबर येणारी कापडी पिशवी बऱ्याचदा तीस मायक्रॉनची असते. ती भुसा धरून ठेवते आणि पीठ फवाऱ्यासारखे खोलीत परत सोडते. अशी पिशवी घरात चालवण्यापेक्षा झाडू बरा, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. घ्यायचीच तर पंख्यानंतर घडीची कार्ट्रिज गाळणी, निदान एक मायक्रॉनपर्यंतची, आणि शक्य असेल तर हेपा. हेपा ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवते. ही गाळणी खोलीत आपटून किंवा कॉम्प्रेसरने हवा मारून साफ केली, तर महिनाभर अडवलेले सगळे एका मिनिटात बाहेर येते. ती मोकळ्या जागी, मास्क लावूनच झटकावी.

धुळीची मर्यादा किती? युरोपीय संघाने २०२३ पासून कठीण लाकडाच्या धुळीसाठी कामाच्या जागी घनमीटरला २ मिलिग्रॅम ही मर्यादा ठेवली आहे, आठ तासांच्या सरासरीने. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस १ मिलिग्रॅमची. बारा बाय बाराच्या खोलीत सुमारे ४० घनमीटर हवा मावते. म्हणजे २ मिलिग्रॅमच्या हिशोबाने त्या सगळ्या खोलीत ८० मिलिग्रॅम धूळ तरंगली की मर्यादा गाठली. भाजीत घालायच्या मिठाच्या चिमटीचा हा फार तर चौथा हिस्सा. सँडर पाच मिनिटे चालला की किती पीठ पडते, ते ज्याने झाडले आहे त्याला हा आकडा किती लहान आहे हे कळेल.

आणि ही धूळ खाली बसायला घाई करत नाही. स्थिर हवेत दहा मायक्रॉनचा लाकडाचा कण डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे पाव तास लागतो. पाच मायक्रॉनच्या कणाला जवळपास तास. एक मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ पूर्ण दिवस, आणि तोही हवा अजिबात हलली नाही तर. काम संपवून मास्क काढून चहा घेत त्याच खोलीत बसणारा माणूस दिवसातला सर्वांत वाईट अर्धा तास उघड्या नाकाने घालवतो. संध्याकाळी खिडकीतून कवडसा पडतो तेव्हा पाहावे. त्यात नाचणारे कण म्हणजे आपल्या सायक्लोनची गुणपत्रिका. कवडशाची वेळ नसेल तर अंधार करून टॉर्चचा झोत टाकावा. हवेतील बारीक कण मोजणारे छोटे यंत्रही आता सहज मिळते. त्याचा आकडा काटेकोर नसला तरी पाइप बदलण्याआधी आणि नंतर काय फरक पडला, एवढे ते सांगते.

शंकू बाजारातून आणायचा की करून घ्यायचा? या शहरात पत्र्याचे काम करणाऱ्यांची वाण नाही. सायक्लोनच्या आकाराची प्रमाणे अभियंत्यांनी ठरवून ठेवलेली आहेत. स्टेअरमंड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत सरळ भाग व्यासाच्या दीडपट आणि शंकू अडीचपट असतो. शिरकावाचे तोंड व्यासाच्या निम्मे उंच आणि एक पंचमांश रुंद, मधली बाहेर जाणारी नळी व्यासाच्या निम्मी. १६० मिलिमीटरच्या पाइपला ४५० मिलिमीटर व्यासाचे भांडे जुळते. त्याची उंचीच १.८ मीटर होते, त्याखाली पिंप आणि वर मोटर. दहा फुटी स्लॅबखाली ते जेमतेम बसते, पार्किंगच्या बुटक्या छताखाली बसत नाही. ऑर्डर देण्याआधी टेप लावून पाहावे. जागेसाठी शंकू आखूड केला की बारीक कण आणखी निसटतात.

करून घेतलेल्या सायक्लोनची बहुतेक दुखणी एकाच जागी असतात, पिंपाच्या झाकणाशी. तिथे सुईएवढी फट राहिली तरी खालून हवा आत खेचली जाते आणि पडलेला भुसा पुन्हा वर उचलला जातो. पिंप काठोकाठ भरले तरी तेच. झाकणाला रबरी पट्टी आणि घट्ट क्लॅम्प हवा. पातळ प्लास्टिकचे पिंप ओढीने चेपते, पत्र्याचे घ्यावे.

लाकूड कोणते, यानेही हिशोब बदलतो. एमडीएफ कापताना जवळजवळ पीठच उडते आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. त्याचा वायू कोणत्याही सायक्लोनला किंवा गाळणीला सापडत नाही, त्यासाठी उघडी खिडकीच हवी. कमी उत्सर्जनाचा, ई-० किंवा ई-१ शिक्का असलेला बोर्ड घेतलेला बरा. जुन्या वाड्याचे सागवान हे या छंदातले सोने, पण त्यात खिळे असतात आणि वर रंगाचे थर. खिळ्यावर पाते घासले की ठिणगी उडते आणि ती भुशाच्या पिंपात जाऊन तासन्‌तास धुमसू शकते, म्हणून असे लाकूड कापल्यावर पिंप रात्री शेडमध्ये ठेवू नये. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी. घरात लहान मूल असेल तर असा रंग सँडरने घासूच नये. कंपन्यांतून बाहेर पडणाऱ्या पॅलेटचे पाइन स्वस्त मिळते. त्यावरचा शिक्का वाचावा: एच-टी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले, एम-बी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. एम-बी घरात आणू नये.

इतके सगळे केल्यावरही घासकाम करताना मास्क लागतोच. रुमाल, गमछा किंवा ढिला सर्जिकल मास्क बारीक धुळीला अडवत नाही. एन-९५ हवा, तोही गालाला चिकटून बसलेला. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. काम झाल्यावर कपडे शेडमध्येच बदलावेत, ते घरात झटकले की आजी-नातवंडांना फुकटचा वाटा मिळतो. कोरड्या झाडूऐवजी ओले फडके किंवा हेपा असलेले व्हॅक्यूम क्लीनर वापरावे.

ज्यांना आधीच दमा आहे त्यांनी यंत्रे घेण्यापूर्वी फुप्फुसांची स्पायरोमेट्री चाचणी करून घ्यावी, म्हणजे पुढे तुलना करायला आकडा हाताशी राहतो. शिंका, घोरल्यासारखा आवाज, रात्रीचा खोकला कामाच्या दिवसांशी जुळतो का, हे दोन-तीन आठवडे कॅलेंडरवर मांडून पाहावे आणि तो कागद डॉक्टरांकडे न्यावा. नाकाच्या एकाच बाजूला सतत चोंदणे, त्याच बाजूने पुन्हा पुन्हा रक्त येणे, वास कमी होणे, हे काही आठवडे टिकले तर सर्दी समजून थेंब घालत बसू नये. घाटी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात नाकाची दुर्बिणीतून तपासणी होते. तिथे गेल्यावर केसपेपर लिहिला जात असतानाच सांगावे, की घरी लाकूडकाम करतो, इतकी वर्षे, या लाकडांवर.